टेकडी, ओढा आणि विहीर

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन जितेंद्र सामंतांनी दिंडोरीजवळ द्राक्षबाग केली, तेव्हापासून सिल्व्हर पार्कमधले त्यांचे शेजारी लिफ्टऐवजी जिना वापरायला लागले. लिफ्टमध्ये माणूस सापडला की सामंत मातीवर बोलायचे.

बागेचे तुकडे तीन: टेकडी, ओढा आणि विहीर. प्रत्येकाच्या द्राक्षांची वेगळी फेसाळ वाइन त्यांनी ओळखीच्या वायनरीत करून घेतली होती. तिन्ही तुकडे सांभाळणं आता झेपत नव्हतं. एक विकायचा होता, आणि कुठला, ते चवीवरून ठरवायचं होतं. म्हणून रविवारी दुपारी त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या यतीनला बोलावलं. यतीनने वांद्र्याला वाइनचा दोन दिवसांचा कोर्स केला होता. शेजारच्या हंसाबेन आपण होऊन आल्या.

"काका, ग्लास आतूनच भरून येऊ देत," यतीन म्हणाला. "कुठली कुठली ते सांगू नका. मी ओळखतो."

"तू कशाला? मीसुद्धा ओळखतो!" सामंत म्हणाले.

स्वयंपाकघरात सुचेताबाईंनी फ्रीझर उघडला आणि कपाळावर हात मारला. लवकर गार व्हाव्यात म्हणून नवऱ्याने आदल्या दिवशी ओढा आणि विहीर तिथे कोंबल्या होत्या. दोन्ही बाटल्या फुटून मटारच्या पिशवीवर बर्फ आणि काचांचा चिखल झाला होता. वर जागा उरली नाही म्हणून टेकडीच्या बाटल्या तेवढ्या खालच्या कप्प्यात वाचल्या होत्या.

"अहो, जरा आत येता का?"

"आत्ता नको! यतीन बोलतोय."

सुचेताबाईंनी क्षणभर विचार केला. मग तिन्ही वेळा टेकडीच ओतली.

पहिल्या ग्लासवर यतीनने नाक मुरडलं. "ही टेकडी. उथळ आहे. घोट संपला की चवही संपते."

"मलाही तेच वाटलं," सामंत पडेल आवाजात म्हणाले.

दुसरा घोट यतीनने तोंडात खुळखुळवला. "ओढा. यात ओलावा आहे."

तिसऱ्याला त्याने डोळे मिटले. "विहीर! काय खोली आहे, काका!"

सामंतांचे डोळे भरून आले. "त्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा मी काठावर उभा होतो रे. सगळं उतरलंय यात. ठरलं, टेकडी काढून टाकायची."

"बरोबर ओळखल्या ना, काकी?" यतीनने विचारलं. सुचेताबाईंनी मान डोलावली.

"आ तो सोडा छे," हंसाबेन म्हणाल्या आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

पाहुणे गेल्यावर सुचेताबाई नवऱ्याला फ्रीझरपाशी घेऊन गेल्या. सामंतांनी वाकून काचांवरची लेबलं वाचली.

"म्हणजे तिन्ही वेळा..."

"टेकडीच."

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"हाक मारली होती. तुम्ही आलात का?"

आता हा माणूस खचणार, अशी भीती सुचेताबाईंना वाटली. त्या खुर्ची ओढायलाही गेल्या. पण सामंतांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज आलं.

"सुचेता, एकाच टेकडीत तीन तीन चवी! अगं, काय जमीन आहे ही!"

ओढा आणि विहीर दोन्ही विकले गेले. पुढच्या वर्षी टेकडीची वाइन 'टेकडी', 'ओढा' आणि 'विहीर' अशा तीन लेबलांनी आली आणि प्रत्येकावर छापलं होतं: 'तज्ज्ञांची पसंती'. यतीनने तिन्ही घेतल्या. विहिरीला तोड नाही, असं तो अजून सांगतो.