दुसरी होडी

रखमाजीनं वल्हं फुलाबाईच्या हातात दिलं आणि काठावरच्या खडकावर घोंगडी तोंडावर ओढून तो आडवा झाला. आता संध्याकाळपर्यंत तो हाकेला ओ देणार नव्हता. तो त्याचा नेमच होता.

भाटघरच्या धरणाचं पाणी चढलं, तसा भोरचा रस्ता पलीकडच्या काठाला राहिला. मधल्या पाण्यावर होडी रखमाजीची. फार मागं त्याचा बाप आणि थोरला भाऊ, दोघेही नावाडी, एकाच होडीत बुडाले. दीड महिना होडी बंद राहिली, आणि त्याच दिवसांत तापानं फणफणलेली त्याची बायको, पलीकडं न्यायला कुणी नाही म्हणून, याच काठावर गेली. तेव्हापासून त्यानं होड्या दोन ठेवल्या, वल्हीही दुप्पट ठेवली, आणि नांदणं मोडून माघारी आलेल्या लेकीला, फुलाबाईला, वल्हवायला शिकवलं. बापलेकीनं एका होडीत मात्र कधी बसायचं नाही. शिवाय आठवड्यातून एक दिवस तो मेल्यासारखा पडून राही. त्या दिवशी सगळ्या खेपा फुलाबाईनं एकटीनं ओढायच्या, काही अडलं तरी विचारायचं नाही.

होडीत पाय टाकता टाकता म्हातारी कोंडाबाई थांबली.

"रखमाजी, सोंग झ्याक घेतोस. रडायला बसू का?"

लोक हसले. घोंगडी हलली नाही.

संध्याकाळी चुलीपुढं बसून फुलाबाईनं तळहाताच्या फोडांना तेल लावलं.

"उंद्या एक खेप माज्यासंगं या. रिकाम्या हातानं बसा निस्तं."

"आन् होडी उलाटली मंग?" रखमाजी तंबाखू मळत म्हणाला. "मागं ऱ्हायलेल्या मानसांनी कुनाला हाक मारायची?"

आणखी एक वाक्य तिच्या ओठांशी आलं होतं. ते गिळून तिनं परात पुढं ओढली.

दुसऱ्या दिवशी उजाडता ती काठावर आली, तर तो पुन्हा खडकावर, तोंडावर घोंगडी. लागोपाठ दोन दिवस असं कधी झालं नव्हतं.

"काल बोलले त्ये लागलं व्हय मनाला?"

उत्तर आलं नाही. येणारच नव्हतं. तिनं रागानंच दुसरी होडी सोडली. सकाळभर तिनं सात खेपा केल्या. कुणाची एसटी चुकली नाही. दर खेपेला खडकाजवळून जाताना ती मुद्दाम मान फिरवी.

ऊन चढलं, खडक तापला, तरी घोंगडी जागची सरकली नाही. तेव्हा होडी न बांधताच ती धावली.

गावाची जुनी मसणवट धरणात बुडाली होती. नवी पलीकडच्या काठाला. तिरडी होडीत ठेवली गेली. बाईमाणसानं मसणवटीत जायची रीत नाही, असं भावकीतला सोनबा हळूच म्हणाला. आणि मग वल्हवणार कोण, हेही त्यानंच विचारलं. फुलाबाई होडीत चढली.

चौघे खांदेकरी अंग चोरून बसले. पाण्याच्या मध्यावर तिचे हात थांबले. होडी आपसूक सरकत राहिली. तिनं पहिल्यांदाच बापाकडं तोंड करून पाहिलं, आणि जागं असलेल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली,

"मला दुसरी होडी नको व्हती, आबा. तुमच्या होडीत बसायचं व्हतं."