दरीतला पांढरा पट्टा

धुराची रेघ रोज सकाळी आठला ती काढायची. वणवा पेटलेला डोंगरांच्या पलीकडे, उपग्रहाचं चित्र तिच्या पडद्यावर, आणि धूर कुठवर पोहोचला ते नकाशावर हातानं आखायचं काम तिच्याकडे. मशीनलाही जमतं म्हणे. पण मशीन ढगालाही धूर म्हणतं, म्हणून माणूस बसवलेला.

या नकाशाचे सगळ्यात निष्ठावान वाचक म्हणजे तिचे बाबा. जन्मभर बस चालवून फुप्फुसांची चाळण झालेली. धूर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दरीतल्या घरात ते एकटेच राहायचे. सकाळी फोनवर नकाशा बघायचे आणि रेघ घरापासून लांब असली तरच खिडकी उघडायचे. शेजाऱ्यांनाही ऐकवायचे, "बातम्यांचं काय घेऊन बसलात? माझी पोर वरून बघते!"

त्या दिवशी दरीत पांढरा पट्टा दिसला. शंका आली की इन्फ्रारेड चित्र उघडायचं, असा नियम होता. धुकं त्यात ठळक राहतं, धूर विरून जातो. पण त्या दरीत तिचं बालपण गेलेलं. सकाळचं धुकं तिथे रोजचंच, दहापर्यंत हटतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिनं दरी मोकळी सोडली आणि चहा प्यायला गेली.

साडेदहाला पट्टा तिथेच होता. तिनं इन्फ्रारेड चित्र उघडलं. पट्टा गायब, नदी स्वच्छ दिसत होती. म्हणजे तो धूरच होता. तिनं फोन लावला.

"बाबा, खिडकी लावा!"

"लावतो." मग खोकला, थांबता थांबेना. "सकाळपासून वास येतोय गं. पण तुझ्या नकाशात काही नव्हतं. म्हटलं, आता नाकही म्हातारं झालं."

"शेजारच्या काकांना हाक मारा. आत्ताच्या आत्ता!"

"मारतो. तू आधी नकाशा दुरुस्त कर. इथे माझ्यासारखे पुष्कळ आहेत."

तिनं केला. स्वतःच्याच घरावरून रेघ ओढताना तिला रडू आवरेना. बाबांनी सत्तर वर्षांचं नाक तिच्या एका आळसापुढे खोटं ठरवलं होतं.

काकांनी बाबांना दरीतल्याच दवाखान्यात नेलं. धुरामुळे दरीचा रस्ता बंद झाला, तिला जाता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आधीच तिथून नर्सचा फोन आला.

"रात्र निभावली त्यांनी. आता विचारतायत, पोरीनं आज काय काढलंय? खिडकी उघडायची का?"

पडद्यावर दरीत पुन्हा पांढरा पट्टा होता. इन्फ्रारेड चित्र तिनं दोनदा उघडून पाहिलं होतं. या वेळी खरंच धुकं दिसत होतं. तरी तिची जीभ उचलेना.

"त्यांना म्हणावं, माझ्या रेघेवर विसंबू नका. आधी स्वतः वास घ्या."

नर्स म्हणाली, "ताई, त्यांच्या नाकात नळी आहे."

"मग तुम्ही बाहेर जाऊन घ्या," ती म्हणाली. "मला सांगा. तोवर मी रेघ काढत नाही."