रविवारचं सदर

सासऱ्यांच्या नाकातल्या नळीत शेवटचं पाणी सोडून सुनेने टोपण लावलं आणि हात पुसत रविवारच्या पुरवणीची घडी उलगडली. ते उशीला टेकून तयारच होते. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचं गिळणं बंद झालं होतं. आवाज तेवढा उरला होता, तोही खरखरीत. जेवणाची चव आता ते कानाने घेत. खाण्यावरचं सदर तिने सावकाश वाचायचं आणि कांदा लाल झाल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचं नाही, असा त्यांचा दंडक होता.

तिने पान उलटलं. सदराच्या जागी गाद्यांची जाहिरात होती. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की सदर आता बंद होत आहे.

ऑफिस, घर, हे आजारपण. तिचे पाय ठणकत होते. खरं ते सांगून टाकलं असतं तर घटकाभर पाठ टेकता आली असती. पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"आज काय आहे?"

"भोपळा." तोंडात आलं ते ती बोलून गेली.

पेपर समोर धरून ती चाचपडत सांगू लागली. सालासकट केलेल्या फोडी, कढईवरचं झाकण. मग वाक्यं कुठून येताहेत ते तिचं तिलाच कळेना. झाकण काढताच तोंडावर येणारी वाफ. कडेला लागलेली एखादी खरपूस फोड, वाढणारीने गुपचूप आपल्याच तोंडात टाकावी अशी. कुणी हाक मारणार नाही अशा दुपारी, बसून, गरम गरम खावी. 'बसून' हे ती दोनदा म्हणाली.

सासऱ्यांनी डोळे उघडले.

"लिहिणारा बदललाय."

"कशावरून?"

"आधीचा पोटभर जेवून लिहायचा. हा उपाशी आहे." त्यांनी दम घेतला. "तू जेवलीस?"

तिने पेपर खाली केला.

"जेवेन की. आत."

ते दवाखान्यातून आल्यापासून सगळेच आत जेवत, स्वयंपाकघराचं दार लोटून, भांड्याचा आवाज होऊ न देता.

"ताट इथे आण."

"नको, बाबा. तुम्हाला त्रास होईल."

"होतोच आहे. तुम्ही दार लोटून घेता त्याचा."

ती उठली. सकाळचा भात आणि भाजी गार झाली होती, गरम करण्याचं त्राण नव्हतं. ताट मांडीवर घेऊन ती खुर्चीत बसली. पहिला घास तिने मान खाली घालूनच खाल्ला. ते टक लावून बघत होते. त्या बघण्याचं तिला वाटलं होतं तेवढं ओझं झालं नाही.

"हं, वाच," ते म्हणाले.

तिने पेपरकडे हात नेला.

"तो नको. ताटातलं."

तिने घास तोंडात बराच वेळ घोळवला.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य शोधत दुसरा घास घेतला.