लुगड्याचा पीळ

बऱ्हाणपुरातल्या एका कॉलेजात प्रतिभा मॅडमचा एक तास दरवर्षी गाजायचा, आणि तो गाजायचा सासूच्या लुगड्यामुळे. विषय होता, जिवाणूच्या पेशीला केंद्रक नसतं, मग तिच्यात एवढा डीएनए मावतो कसा. पुस्तकातल्या आकृत्या पाहून पोरं जांभया देत. मग मॅडम पिशवीतून सासूबाई सरुबाईंचं विरलेलं नऊवारी काढत, त्याची दोन्ही टोकं एकमेकांना गाठ मारून बांधत आणि टेबलावर स्टीलचा डबा ठेवत. "डबा म्हणजे पेशी, हे लुगडं म्हणजे डीएनए. भरा बघू."

पोरं कोंबून कोंबून दमत, पण काही केल्या झाकण लागत नसे. मग दोघींनी समोरासमोर उभं राहून पीळ द्यायचा, गोधडी धुतल्यावर देतात तसा. पीळ वाढला की लुगडं आपसूक स्वतःभोवती वळसे घेत आखडायचं. मुलींच्या केसांतले चाप काढून जागोजागी लावले की ते वळसे टिकायचे; जिवाणूत हे काम काही प्रथिनं करतात. गाठोडं डब्यात बसलं की टाळ्या पडत. "खरा डीएनए तर पेशीच्या शेकडो पट लांब असतो," मॅडम म्हणत. "तरी मावतो, आणि हवा तो भाग हवा तेव्हा उलगडतोही. तुमच्या कपाटात मात्र एक ओढणी सापडत नाही."

मग त्या औषधावर येत. "हा पीळ भरणारं एन्झाइम म्हणजे गायरेज. ते धागा कापतं, पीळ देतं आणि पुन्हा सांधतं. सिप्रोची गोळी त्याला नेमकं कापल्या जागीच धरून ठेवते. धागा तुटका राहतो आणि जिवाणू मरतो. पण गोळ्या मध्येच सोडल्या तर चिवट तेवढे मागे उरतात. अर्धवट गोळ्या म्हणजे जिवाणूंची शिकवणी!" हे वाक्य त्यांचं इतकं लाडकं होतं की पोरं ते त्यांच्याबरोबरच म्हणत.

सरुबाई मूळच्या निंबोल्याच्या, केळीच्या बागेत राबलेल्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण राहत्या मोहल्ल्यात, लोधीपुऱ्यात, त्या सगळ्यांना सांगत सुटत, "माह्या लुगड्यावर कालेजची पोरं पास व्हतात!"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं म्हणतात. ते सांगणाऱ्याला कधी ऐकू येत नाही, हीच त्यातली गंमत.

परीक्षेच्या धांदलीत एके सकाळी सरुबाईंनी सुनेला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं, लघवीला आग होते. डॉक्टरकडे जायची त्यांना लाज वाटत होती. असलं दुखणं परक्या पुरुषाला सांगायचं कसं? प्रतिभाला प्रॅक्टिकलला उशीर होत होता. फ्रिजवरच्या टोपलीत नवऱ्याच्या, निरंजनच्या, मागच्या आजारपणातल्या सिप्रोच्या चार गोळ्या पडून होत्या. तिने त्या सासूला दिल्या. दोन दिवसांत आग थांबली आणि गोळ्याही संपल्या. आणखी आणायला हव्यात हे तिला पक्कं ठाऊक होतं. मेडिकलच्या दुकानापर्यंत ती गेलीही होती. गर्दी दिसली, म्हणून परत फिरली. आईंना बरं वाटतंय ना, मग झालं तर.

काही दिवसांनी सरुबाईंना हुडहुडी भरून ताप आला. दातावर दात वाजायला लागले तेव्हा निरंजनने त्यांना दवाखान्यात दाखल केलं. दोन दिवसांनी लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. सिप्रोच्या नावापुढे लिहिलं होतं की जिवाणू या औषधाला दाद देत नाहीत. डॉक्टर बोलायच्या आधीच प्रतिभाने ते वाचलं होतं.

"पहले कोई गोली ली थी क्या?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रतिभाने तोंड उघडलं, पण सरुबाई आधी बोलल्या. "हाव. घरात पडेल व्हत्या, मीच खाल्ल्या."

"अपने मन से?" डॉक्टरांचा पारा चढला. "अम्मा, पढ़ी-लिखी बहू घर में है, उससे तो पूछ लेतीं! आप जैसे लोगों की वजह से ही दवाइयाँ बेकार हो रही हैं." आजूबाजूच्या खाटांवरची माणसंही माना वळवून पाहायला लागली. त्यात निरंजनने भर घातली, "आई, किती वेळा सांगितलं तुला, प्रतिभाला विचारल्याशिवाय काही घेऊ नको म्हणून!"

सरुबाई पदराशी चाळा करत ऐकत राहिल्या. प्रतिभाने नजर रिपोर्टवरून हलवली नाही.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले आणि निरंजन इंजेक्शनं आणायला खाली गेला, तेव्हा तिने विचारलं, "आई, असं का सांगितलंत?"

"तुले कालेजात शिकवा लागते माय. तुही इज्जत हाये. अडाणी बाईले कोणीबी बोलते, तिचं काय जाते?"

खरं तर प्रतिभाला हे ऐकून आधी हायसं वाटलं होतं. मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की घरी गेल्यावर ती भरलं ताट तसंच ठेवून उठली. तरी त्या दिवशी तिने निरंजनला काही सांगितलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

दुसऱ्या दिवशी तिची विद्यार्थिनी तृप्ती भेटायला आली. केळीच्या बागांमधल्या तुकईथडची पोर, पण केळीच्याच बऱ्हाणपुरात कुणी केळी घेऊन भेटायला जातं का, म्हणून सफरचंदं घेऊन आली. निरंजनने तिला आईचा पराक्रम हसत हसत सांगितला.

"क्या आजी!" तृप्ती म्हणाली. "मॅडम घरात असून? आम्हाला तर पाठ आहे, अर्धवट गोळ्या म्हणजे जिवाणूंची शिकवणी!"

निरंजन हसला. सरुबाईही तोंडाला पदर लावून सगळ्यांबरोबर हसल्या, अगदी चूक आपलीच असल्यासारख्या. प्रतिभाला ते हसणं बघवेना. तेवढ्यात डॉक्टर आले.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "गोळ्या आईंनी नाही घेतल्या. मी दिल्या. चारच होत्या, पुढच्या आणल्या नाहीत. सगळं माहीत असून."

निरंजनचं हसू मावळलं. तृप्ती हातातल्या सफरचंदाकडे पाहत राहिली. आता डॉक्टर सगळ्यांदेखत फाडफाड बोलतील, म्हणून प्रतिभा मान खाली घालून उभी राहिली. तिला ते हवंच होतं.

"अरे मॅडम!" डॉक्टर म्हणाले. "कोई बात नहीं. कॉलेज, घर, सब आप ही तो देखती हैं. हो जाता है." त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली. "बैठिए ना."

सरुबाईंनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग खुर्चीकडे.

"काल मले तं लई बोलले," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं.

प्रतिभा डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टरसाहेब, काल यांना जे बोललात, ते आज मला बोला."

डॉक्टरांना ती थट्टा वाटली. ते हसले, सरुबाईंची नाडी पाहिली आणि पुढच्या खाटेकडे वळले.

"बस ना माय," सरुबाई म्हणाल्या. "पाय दुखतीन तुहे."

प्रतिभाला त्या खुर्चीवर बसवेना.