वीतभर चुकलेली टेप

मित्रांनो, जिला रोज गळ्यात घालतात पण दागिना कुणी म्हणत नाही, अशी मी एक जुनी मापाची टेप आहे. रंगानं पिवळी, लांबीला दीड मीटर. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या दोन्ही टोकांना पितळी पत्रे होते, आणि माझ्यासारख्या शंभर बहिणी एकाच खोक्यात वेटोळं करून बसल्या होत्या. त्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. माझं मात्र चांगलं झालं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या घरी मी आले आणि अजून तिथेच आहे.

श्वास आत ओढून उभ्या राहणाऱ्या कितीतरी काकूंची पोटं मी मोजली आणि खरा आकडा बाईंशिवाय कुणाला कळू दिला नाही. बाईंनी शिवलेला कपडा अंगावर ओतल्यासारखा बसतो, असं गिऱ्हाइकं म्हणायची. त्या कौतुकातला थोडा वाटा मी गुपचूप स्वतःकडे ठेवून घ्यायची.

पण वापरून वापरून माझं पुढचं टोक झिजलं. पत्रा निघाला, धागे सुटले. दुसऱ्या कुणी मला केरात टाकलं असतं. बाईंनी पुढचे दोन इंच कात्रीनं सरळ कापले आणि मला पुन्हा गळ्यात घातलं. त्या दिवसापासून त्या प्रत्येक मापातून दोन वजा करायच्या. त्याची इतकी सवय झाली, की हे घरात कुणाला सांगून ठेवायला हवं, याचाच त्यांना विसर पडला. घोटाळा झाला तो इथेच.

बाईंची लेक पोलीस भरतीची तयारी करत होती. अंगानं बारीक, म्हणून घरात तिला सगळे काडी म्हणत. धावण्यात ती कुणाला हार जायची नाही, पण गोळाफेकीत दोनदा हुकली होती. ही तिसरी खेप, आणि शेवटचीच, कारण पुढच्या वर्षी तिचं वय उलटणार होतं. गोळा सहा मीटर जायला हवा होता.

तिचे बाबा बस चालवतात. अंतराचा अंदाज आपल्याइतका कुणाला नाही, असं त्यांचं स्वतःबद्दल मत. एका सकाळी त्यांनी मला खिळ्यावरून उचललं, घरामागच्या मोकळ्या जागेत चारदा लांब अंथरलं आणि पांढऱ्या फक्कीची रेघ ओढली. चार वेळा दीड म्हणजे सहा, चोख काम. दर खेपेला मी दोन इंच कमी भरत होते, म्हणजे रेघ चांगली वीतभर अलीकडे पडली होती. मला बोलता येत असतं तर मी तिथेच ओरडले असते.

थोड्याच दिवसांत काडीचा गोळा रेघेपलीकडे पडायला लागला. घर आनंदलं. बाबांनी ते डेपोभर सांगितलं. काडी मग रोज पाचच गोळे फेकायची आणि उरलेला वेळ पळायची. मी मात्र खिळ्यावर मनातल्या मनात झुरत होते.

परीक्षेला वीस दिवस उरले असताना रेघ पुसट झाली, म्हणून बाबा मला पुन्हा घेऊन गेले. इकडे बाईंकडे कोटाच्या मापाला गिऱ्हाईक येऊन बसलेलं. मला शोधत बाई मागच्या बाजूला आल्या आणि बघून थबकल्याच.

“अहो, दोन वजा केलेत ना?”

“कसले दोन?”

“तिचे पुढचे दोन इंच नाहीत. मी कापलेत.”

बाबा रेघेकडून बाईंकडे वळले. “आणि हे तू आज सांगतेस?”

“तुम्ही कधी शिवायला बसला असतात तर सांगितलं असतं,” बाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

काडीनं सगळं ऐकलं. रेघेपुढे हाताची वीत टेकवून किती कमी पडतंय ते बघितलं. आता ही माझे तुकडे करणार, असं मला वाटलं. तिनं पायानं रेघ पुसून टाकली.

“बरं झालं आई, आज कळलं. तिथे कळलं असतं तर?”

बाबा लगेच नवी टेप आणायला निघाले. तर ती म्हणाली, नको, हिचं काय चुकतं ते आपल्याला ठाऊक झालंय. नवीचं काय चुकतं ते शोधायला वेळ कुठे आहे? मित्रांनो, माझी इतकी बाजू आजवर कुणी घेतली नव्हती.

नवी रेघ तिनं स्वतः मोजून आखली. गोळा रोज अलीकडेच पडायचा. बाई स्टूल टाकून बघत बसायला लागल्या. गोळाफेकीतलं त्यांना काही कळत नाही, पण कपडा कुठे ओढतोय ते नजरेला लगेच दिसतं. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, “तू नुसती बाहीनं फेकतेस. जोर कमरेतून येऊ दे, बाही आपोआप येईल मागून.” काडी हसली. मग तिनं तसं करून पाहिलं, आणि त्यानंतर रोज साठ वेळा करून पाहिलं.

परीक्षेच्या दिवशी मी घरीच होते. संध्याकाळी ती आली आणि दारातच सांगायला लागली. पहिला गोळा वीतभर कमी पडला. दुसऱ्याला पाय वर्तुळाबाहेर गेला, तो बाद. तिसरा सहा मीटरच्या पुढे, चार बोटं. बाबांनी तिला तीनदा विचारलं, चार बोटं कुणाची, तुझी की माझी? आणि मग पाणी प्यायला म्हणून आत गेले ते लवकर बाहेर आलेच नाहीत.

काही महिन्यांनी तिला गणवेश मिळाला. दोन काड्या मावतील इतका ढगळ. बाहीसाठी बाईंनी तिचा डावा दंड मोजला, मग उजवा. उजवा एक इंचानं जास्त भरला. बाईंनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. पुन्हा मोजला. तेवढाच. तेव्हा त्यांनी मला बाजूला ठेवलं आणि लेकीचा दंड दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या.

“आई, किती भरला?” काडीनं विचारलं.

बाईंनी आकडा सांगितलाच नाही.

त्या मायलेकींची मी जन्माची ऋणी आहे. एकीनं मला टाकलं नाही आणि दुसरीनं मला दोष दिला नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी असेल. पाच मिनिटं मागे पडणारं घड्याळ, एका बाजूला झुकलेला तराजू. ते टाकू नका. पण त्याची खोड काय आहे, ते घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आम्हांला आमची चूक लपवायची नसते हो. ती सांगायला तुमचंच तोंड लागतं.