पाठमोऱ्या माणसाचा आवाज

मुलीचा फोन सकाळी आला. दुपारी लॅपटॉप घेऊन येते, म्हणाली. तेवढ्या वेळात तिच्या बापाने एक जुना रेडिओ उघडला, जोडला, पुन्हा उघडला आणि त्याचा एक स्क्रू हरवून बसला.

"तुमची ती ‘तिसरा मजला’ मालिका सापडलीय, बाबा," मुलगी म्हणाली होती. "सगळे भाग आहेत. खाली सबटायटल्स येतात. कोण खरं काय बोलत होतं ते आता कळेल."

त्याने हे बायकोला सांगितलं तेव्हा ती पडद्यांना इस्त्री करत होती. "बरं झालं," ती म्हणाली. "मी एवढी बडबड केली ती कशाबद्दल, ते तरी समजेल."

ती हसली. त्याला हसू आलं नाही.

ऐंशीच्या दशकात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं आणि वर राहती खोली. सरकारी वाहिनी दुपारची बंद असे. त्याने दुकानातल्या व्हिडिओवरून गल्लीतल्या घराघरात तार नेली आणि रविवारी दुपारी टेप लावायला सुरुवात केली. एकदा बोटीवर काम करणाऱ्या एका गिऱ्हाइकाने परदेशातल्या एका मालिकेच्या टेपा आणून दिल्या. भाषा कोणालाच येत नव्हती. बायकोने सुचवलं, "आवाज बंद करा नि आपणच बोलू की." त्याने मूळ आवाज तोडला, त्या जागी माईक जोडला आणि दोघं टीव्हीसमोर स्टुलांवर बसून बोलू लागली. पुरुष सगळे तो, बाया सगळ्या ती. मालिकेतली बाई तिसऱ्या मजल्यावर राहायची, म्हणून नाव ‘तिसरा मजला’.

कामाची रीत ठरलेली होती. शनिवारी तो टेप एकदा मुकी बघायचा आणि तोंडं, हात, दारं यांवरून गोष्ट जुळवायचा. मग बायकोला थोडक्यात सांगायचा, बाकी रविवारी सुचेल तसं. ओव्हरकोटातला एक जाडा माणूस सारखा घरी येऊन प्रश्न विचारतो, म्हणजे हा बाईचा मामाच असणार, असं त्याने ठरवलं. मामा गल्लीत इतका लाडका झाला, की तो दिसला की घराघरातून "आले, आले" असा गलका ऐकू येई. तिकडच्या बायका नवऱ्याला अरे-तुरे करतात, असंही त्यानेच ठरवलं होतं. बायकोने ते मनावर घेतलं. माईकवर ती त्याला "अरे ऊठ, ऐकतोस का" असं दणकून म्हणायची आणि शेजारची शिंपीण तिच्या घरातून ओरडायची, "अजून जोरात, वहिनी!"

शेवटच्या टेपेत एक प्रसंग होता. बाई कोट घालून स्वयंपाकघरात उभी. नवरा टेबलाशी, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेला. बाई बराच वेळ बोलते, दार उघडते आणि टेप संपते. "माफी मागतेय ती," त्याने शनिवारी सांगितलं होतं. "जरा रडव लोकांना."

रविवारी बायको माईकवर म्हणाली, "सगळ्या जगाचं ऐकतोस तू. माझी वेळ आली की तुझे हात कशात तरी अडकलेले असतात. मी या घरात आहे का, हे एकदा तरी मान वर करून बघायचंस. मी रागावले नाही रे. दमले. मी जाते. तू थांब म्हणणार नाहीस, मला माहीत आहे."

ती गप्प झाली. आता त्याची पाळी होती. पडद्यावरचा माणूस पाठमोरा होता, त्याचे ओठ दिसत नव्हते, काहीही बोललं असतं तरी जुळलं असतं. तो बोलला नाही. दार उघडलं, पडद्यावर मुंग्या आल्या. गल्लीत बायका डोळे पुसत होत्या. त्याने माईक बंद केला आणि म्हणाला, "आवाज छान लागला आज."

ती माईकवर गोष्ट सांगत होती की त्याला काही सांगत होती, हे त्याने तेव्हा विचारलं नाही. नंतर दुकान गेलं, मुलगी झाली, मोठी झाली, आणि विचारायला निमित्त राहिलं नाही. आता त्या परक्या बाईने खरोखरच तसलं काहीतरी म्हटलेलं असेल, तर बायकोने चेहरा बघून अचूक ओळखलं एवढंच. नसेल तर... तो स्क्रू शोधायला पुन्हा पलंगाखाली वाकला.

मुलगी आली ती घाईतच. "कितवा लावू? पहिला?"

"शेवटचा लाव," तो म्हणाला.

"अहो, पहिल्यापासून बघू की," बायको म्हणाली.

"शेवटची टेप होती ना, तिथपासून. मग बाकीचे."

मुलीने शोधून लावला. पहिल्याच प्रसंगात ओव्हरकोटवाला आला. खाली अक्षरं उमटली आणि मुलगी खिदळायला लागली. "बाबा! मामा पोलीस इन्स्पेक्टर आहे!"

"काय सांगतेस!" बायको पुढे सरकली. "हिच्या तोंडून त्याला ‘मामा, नमस्कार करते’ म्हणवलं होतं मी!"

"आणि तो हिला अटक करायला आलाय."

"चांगला मामा निघाला."

दोघी पोटभर हसल्या. तो खुर्चीतून उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. बायको म्हणाली, "बसा हो. डोळ्यांपुढे येरझारा घालू नका."

स्वयंपाकघर आलं. कोट घातलेली बाई बोलू लागली. तो उभ्यानेच वाचत होता. बाई नवऱ्याला सांगत होती, की हातमोजे चुलीत जाळ, इन्स्पेक्टर आला तर मी बहिणीकडे आहे म्हण, भावाचं नाव घेऊ नकोस. पुढेही तेच, दागिने कुठे लपवले आणि कोणत्या फाटकाने बाहेर पडायचं. शेवटपर्यंत दुसरं काही नव्हतं.

मग पाठमोरा माणूस बोलला. मूळ मालिकेत तो बोलत होता. खाली आलं: ‘किल्ली घेतलीस का?’

बाईने मान हलवली आणि दार उघडलं.

मुलीने आईकडे पाहिलं. "आई, तू तर केवढं रडवलं होतंस म्हणे लोकांना. शिंपीणआजी अजून सांगते. इथे तर हातमोजेच आहेत."

बायको पडद्याकडेच बघत राहिली. तो म्हणाला, "ते तू मला म्हणत होतीस?"

"काय?"

"मान वर करून बघ, दमले, ते सगळं."

बायकोने चष्मा काढला आणि पदराने पुसला. "मग कोणाला? माईकपुढे दुसरं होतं कोण?"

मुलगी लॅपटॉपच्या कळांकडे बघत बसली.

"मग गेली का नाहीस?"

"गेले होते की. दुसऱ्या दिवशी ताईकडे गेले नव्हते का बॅग भरून? तुम्ही बॅग उचलून दिलीत आणि म्हणालात, ताईला विचार, तिचा मिक्सर चालतोय का."

त्याला मिक्सर आठवला. बॅग आठवत नव्हती.

"परत का आलीस?"

"ताईचं घरही आपल्याच तारेवर, तिथे जो येईल तो विचारायचा, पुढे काय झालं? ती खरंच गेली का? तो काहीच कसा बोलला नाही? मी काय सांगणार कपाळ? वैतागून आले."

"एवढ्यासाठी?"

"परत आल्यावर तुम्ही पण काही बोलाल असं वाटलं होतं. चार दिवस वाट बघितली. मग कामाला लागले." ती त्याच्याकडे पाहत नव्हती. "मग सवय झाली. वाईट नव्हतात तुम्ही. फक्त नव्हतात."

"आई," मुलगी हळूच म्हणाली.

"काय आई? त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

लॅपटॉपवर पुढचा भाग आपोआप सुरू झाला. या भागाची टेप कधी आलीच नव्हती. बाई जिना उतरत होती. बायकोने चष्मा लावला आणि खुर्ची पुढे ओढली.

त्याने हात खिशात घातले, बाहेर काढले. "आणि आता?" त्याने विचारलं. "आता काही... म्हणजे, तुला म्हणायचं आहे का काही?"

"आहे."

"मग बोल ना."

"हे संपू दे," बायको म्हणाली. "कुठे जाते ते बघते. मग सांगते. तोवर हात कशाला लावू नका, नुसते बसा."

तो खुर्चीत बसला. मुलीने पाण्याची बाटली उचलली, ती रिकामी होती. तो ती भरून आणायला उठू लागला, मग थांबला आणि परत बसला. बाई अजून दुसऱ्याच मजल्यावर होती. भाग नुकताच सुरू झाला होता.