भूकंपानं झोपलेलं मशीन

बिश्केकहून पहिला फोन आला तेव्हा कांग पेइ-चुन जेवणाचा डबा उघडून बसली होती. तैवानमध्ये ताइचुंगजवळच्या शेनकांगला हुंगबाईंचा मशीनचा कारखाना होता आणि परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणं हे पेइ-चुनचं काम. तक्रार करणारा आधी ओरडतो, मग गयावया करतो आणि शेवटी स्वतःचीच चूक सांगून मोकळा होतो, असा तिचा आजवरचा अनुभव. ही बाई मात्र ओरडत नव्हती.

"ताई, आमचं मशीन झोपलंय. काही केल्या उठत नाही."

चिनी स्वच्छ होती, फक्त हेल पार चीनच्या वायव्येचा, लान्चौकडचा. नाव बुरुलाइ. लान्चौला चार बुकं शिकून ती बिश्केकला परतली होती आणि मामाच्या कारखान्यात दुधातली साय काढायच्या यंत्रांचा हिशेब-व्यवहार बघत होती.

"कशानं झोपलं?" पेइ-चुननं विचारलं.

"भूकंप झाला. सगळं हललं, मशीनही हललं. तेव्हापासून पडद्यावर नुसतं कुलूप दिसतंय. तुम्ही कोड दिलात की सुरू होईल म्हणतात."

भूकंप म्हटल्यावर पेइ-चुनचा घास हातातच राहिला. शाळकरी वयात तुंगशिहच्या मोठ्या भूकंपात तिचं घर पत्त्यांसारखं बसलं होतं. अजूनही दिवा हलला की ती आधी दाराकडे बघायची.

"घरची माणसं ठीक आहेत ना?"

"आहेत. हे कुणी विचारलंच नव्हतं, ताई."

ते मशीन साधं नव्हतं. पोलादाला हव्या त्या अंगानं वळवून लोण्यासारखं कापायचं. त्याच्यावर दुधाच्या यंत्राचा भाग होतो तसा क्षेपणास्त्राचाही होतो. म्हणून युद्ध सुरू झाल्यापासून रशियाला ते विकायला सरकारची सक्त मनाई होती. रशियाला नाही, तर शेजारच्या कुणाच्या नावावर घ्यायचं आणि तिकडे सरकवायचं, असले उद्योग चालतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मशीनच्या पोटात एक राखणदार बसवलेला असे. मशीन जागेवरून उचललं की तो सगळं बंद पाडायचा. मग कारखान्यानं कोड दिल्याशिवाय ते लोखंडाचा नुसता डोंगर.

पेइ-चुननं शोध घेतला. बिश्केकला त्या दिवशी भूकंप खरंच झाला होता. बाई खोटं बोलत नव्हती.

तरी तिनं लिआव वस्तादांना विचारलं. कारखान्यातलं प्रत्येक नवं मशीन वस्तादांच्या हाताखालून जायचं. सुपारी चघळत त्यांनी ऐकून घेतलं.

"आपल्याकडे काय कमी भूकंप होतात? म्हणून मशीनं झोपतात का? हलवल्यानं नाही झोपत ते, उचलल्यानं झोपतं. भूकंपानं उचललं असेल तर खालची फरशी उखडली असेल. फरशी दाखव म्हणावं."

बुरुलाइनं फरशीचा फोटो पाठवला नाही. फरशी नवी बसवली, म्हणाली. मशीनचा फोटो मात्र आला. तो इतक्या जवळून काढलेला की मागे भिंत होती की आभाळ, ते कळू नये.

मालकीण हुंगबाईंचा मुलगा वेइ-तिंग विक्री बघायचा. त्याला ही चौकशी मुळीच रुचली नाही.

"पेइ-चुनताई, तुम्ही पोलिसात भरती झालात की काय? कागद आहेत, सही आहे, शिक्का आहे. देऊन टाका कोड. तेच गिऱ्हाईक अजून मशीनं मागतंय."

"दुधाच्या यंत्रांना इतकी मशीनं?"

"त्यांच्याकडे घोडीचं सुद्धा दूध पितात. लागत असतील!"

पेइ-चुन हसली खरी, पण प्रश्न काही पोटात राहीना. तो संशय म्हणावा असाही नव्हता. एखाद्या घराची खिडकी कायम बंद दिसली की आत कोण राहतं असं वाटत राहतं, तसं काहीतरी होतं. ती बुरुलाइला फोन करत राहिली. कधी कोडबद्दल, कधी उगाच. बुरुलाइ बर्फाबद्दल, मामीच्या गुडघ्यांबद्दल, लान्चौच्या शेवयांच्या आठवणीबद्दल बोलायची. मशीनचा विषय निघाला की मात्र पाठ केल्यासारखी तीच तीच वाक्यं म्हणायची.

एकदा पेइ-चुन सहज म्हणाली, "आमचा माणूस येऊन बघून जाईल. मशीनची बाजू उघडायला लागली तर क्रेन आत यायला हवी. तुमचं दार केवढं आहे?"

"दार ना? टेम्पो येतो आत." बुरुलाइ थांबली. मग हळूच म्हणाली, "ताई, किती मोठं असतं हो ते?"

"काय किती मोठं?"

"मशीन."

म्हैस आटली म्हणून जी बाई आठवडेच्या आठवडे रडत होती, तिनं ती म्हैस कधी पाहिलीच नव्हती.

पेइ-चुनला खरं तर राग यायला हवा होता. आली ती नुसती उत्सुकता. तिनं विचारलं, "पत्ता पाठवशील का तुमचा? कागदावरचा नको. खरा."

पत्ता संध्याकाळच्या आत आला.

मालकीणबाईंनी सगळं ऐकलं. नवऱ्याच्या मागे त्यांनीच कारखाना चालवला होता आणि माणूस खोटं बोलतोय हे त्यांना त्याच्या चहा पिण्यावरून कळायचं, असं कामगार म्हणत.

"आई, आपण नियमानं विकलंय," वेइ-तिंग म्हणाला. "पुढे त्यांनी त्याचं काय केलं ते आपल्याला काय माहीत?"

"माहीत नाही म्हणूनच तर जाऊन बघायचं. मुलगी दिली तरी सासर बघून येतो ना आपण?" त्या पेइ-चुनकडे वळल्या. "वस्तादांना घेऊन जा. आणि त्यांना म्हणावं, विमानात सुपारी थुंकू नका."

बिश्केकला बर्फ वितळून चिखल झाला होता. बुरुलाइ विमानतळावर आली होती. आवाजावरून पेइ-चुनला ती किरकोळ वाटली होती. प्रत्यक्षात चांगली उंच, रुंद खांद्यांची, लाल टोपी घातलेली. तिनं पेइ-चुनला घट्ट मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "तुम्ही याल असं वाटलं नव्हतं. पण यावं असं फार वाटत होतं."

कारखाना म्हणजे बाजारामागची एक लांबट शेड होती. बुरुलाइचे मामा आसानाली दारातच उभे होते, छातीवर हात ठेवून. त्यांनी पाहुण्यांना बसवलं, रोटी मोडली, चहा ओतला. कप मुद्दाम अर्धाच भरला, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो. पेइ-चुनची नजर शेडभर फिरली. दोन जुनी लेथ, एक ड्रिल, साय काढायच्या यंत्रांच्या पितळी वाट्यांची चळत. बस्स.

वस्ताद मात्र चहा सोडून उठले होते. कोपऱ्यातली सोव्हिएत काळातली लेथ बघून त्यांचा चेहराच पालटला. त्यांनी चाक फिरवलं, कान लावला. आसानाली लगेच शेजारी जाऊन उभे राहिले. एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नव्हतं, पण बोटांनी, भुवयांनी आणि "ट्र्र्र" अशा आवाजांनी दोघांची गाडी सुसाट चालली होती.

"मामांना विचार, आमचं मशीन कुठाय?" पेइ-चुन अखेर म्हणाली.

बुरुलाइनं विचारलं. आसानालींनी हात पुसत उत्तर दिलं.

"दुरुस्तीला गेलंय, म्हणतात." तिनं सांगितलं, पण सांगताना मामांकडेच बघत राहिली.

वस्तादांनी खिशातून खडू काढला, गुडघ्यांवर बसले आणि मोकळ्या जमिनीवर रेघ ओढायला लागले. हातभर टेप लावत, कोपरे जुळवत, मशीनचा आख्खा पाया त्यांनी खडूनं काढला. चौकट लेथच्या पायांना जाऊन भिडली. मग ते दाराशी गेले, दाराच्या चौकटीला टेप लावली आणि नुसती मान हलवली. त्या दारातून ते मशीन आत आलं नसतं, ना बाहेर गेलं असतं.

बुरुलाइ चौकटीच्या कडेनं सावकाश चालत एक फेरी मारून आली. "एवढं? मामा, एवढं मोठं?" मग पुढचं ती आपल्या भाषेत बोलली. काय ते पेइ-चुनला कळायची गरज नव्हती. आवाज चढला, आसानालींची मान खाली गेली.

बऱ्याच वेळानं मामा स्टुलावर बसून बोलू लागले आणि भाची चिनीत सांगत गेली. लष्करातला जुना मित्र आला होता. म्हणाला, तुझ्या कारखान्याचं नुसतं नाव दे. एक मशीन येईल, जकातीच्या आवारात सही कर, ट्रक पुढे जाईल. बदल्यात ही लेथ बदलून देतो. ट्रकचं ताडपत्रीचं तोंडसुद्धा त्यांनी उघडून पाहिलं नव्हतं.

"पुढे कुठं गेला ट्रक?"

"उत्तरेला. मी विचारलं नाही. मित्राला कसं विचारायचं?"

"मी विचारलं," बुरुलाइ म्हणाली, आणि हे तिनं दोन्ही भाषांत म्हटलं. "तो म्हणाला, इस्पितळाचं सामान बनवतात. मग म्हणाला, फोन करून कोड घे, भूकंपाचं सांग, तैवानच्या लोकांना ते लगेच पटेल. इस्पितळाचं आहे तर खोटं कशाला सांगायचं, ते मला कळेना. आमचा धाकटा भाऊ तिकडे रशियात मजुरीला आहे, ताई. त्याला तिथं फौजेत ओढायला बघताहेत. हे मशीन कशासाठी आहे ते मला समजायलाच हवं होतं."

पेइ-चुननं काही वचन दिलं नाही, उपदेशही केला नाही. तिनं विचारलं, "आम्ही हे आमच्या सरकारला सांगणार. मामांचं नाव त्यात येईल. चालेल तुला?"

बुरुलाइनं मामांना विचारलं. आसानालींनी खांदे उडवले आणि वस्तादांच्या कपात आणखी चहा ओतला. "पाहुण्यानं खरं सांगितलं म्हणून पाहुण्यावर रागवायचं नसतं, म्हणतात," ती म्हणाली. "पण मामी रागावेल. फार."

निघताना वस्तादांनी जुन्या लेथचा एक झिजलेला पट्टा स्वतःच्या हातानं ताणून बसवून दिला.

शेनकांगला परतल्यावर मालकीणबाई स्वतः व्यापार खात्यात गेल्या. अधिकाऱ्यांनी त्यांनाच उलटसुलट विचारलं: विकण्याआधी जाऊन का पाहिलं नाही? "पाहायला हवं होतं," त्या म्हणाल्या. कारखान्याला दंड झाला. नवी मागणी रद्द झाली, तिच्यामागचीही दोन गिऱ्हाइकं गळाली. वेइ-तिंग महिनाभर पेइ-चुनशी कामापुरतंच बोलला. मग एक दिवस तिच्या टेबलाशी येऊन घुटमळला.

"अल्माटीचं एक गिऱ्हाईक आहे. विमानाचं तिकीट काढावं म्हणतो. बघून येतो जरा. दार केवढं आहे ते."

"टेप घेऊन जा," ती म्हणाली.

आसानालींच्या कारखान्याचं नाव काळ्या यादीत गेलं. बाहेरून साधं बेअरिंग मागवणंही त्यांना जड झालं. मामी खरंच फार रागावली. बुरुलाइनं ते काम सोडलं आणि चिनी व्यापाऱ्यांसाठी दुभाषी झाली. फोन ती अजूनही करते. भाऊ परत आला, एवढं सांगायला तिनं पेइ-चुनला पहाटे उठवलं होतं.

ते मशीन गेलं कुठं, हे कुणालाच कळलं नाही. फक्त हिवाळ्यात एकदा एक अनोळखी फोन आला. पुरुषाचा आवाज, मोडकं इंग्रजी. त्यानं मशीनच्या पाटीवरचा आकडा वाचून दाखवला. बिश्केकच्या नावावर गेलेल्या मशीनचा, तोच आकडा.

"कुठून बोलताय?" पेइ-चुननं विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"मशीनवर काय बनवणार आहात?"

"मला सांगितलेलं नाही. मी फक्त कारागीर." आवाज दमलेला होता. भूकंपाची गोष्ट त्यानं सांगितली नाही, विनवणीही केली नाही.

"कोड मिळणार नाही."

"हो. मला वाटलंच." तो थांबला. "एक विचारू? छपरातून गळतं इथं. मशीनच्या पत्र्यांखालच्या सरकत्या पट्ट्यांवर गंज धरायला लागलाय. कुठलं तेल लावू?"

तेलाचं नाव पेइ-चुनच्या जिभेवर होतं. रोज कुणाला ना कुणाला ती ते सांगायचीच.

"गंजू द्या," ती म्हणाली.

पलीकडून "बरं" असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

दुपारी तिनं ते वस्तादांना सांगितलं. वस्ताद चघळायचे थांबले. ते मशीन त्यांनीच, याच हातांनी जुळवलं होतं.

"बरोबर सांगितलंस," ते म्हणाले, आणि अर्धा राहिलेला जेवणाचा डबा झाकून कामाला निघून गेले.